घरचं माणूस दारू, ड्रग्ज नाहीतर मानसिक आजारापायी केसमध्ये अडकलं तर जेलऐवजी काय काय मागता येतं

१ जूनला मासेमारी बंद होते, बोटी वर ओढतात, खलाशांचा हिशोब होतो आणि मग दोन महिने माझा फोन जरा जास्तच वाजतो. कुणाचा भाऊ पिऊन शेजाऱ्याच्या पडवीत घुसला, कुणाच्या मुलाच्या खिशात गांजाची पुडी मिळाली, कुणाचा दीर गोळ्या बंद झाल्यापासून रात्री वाडीभर फिरतो आणि काल कुणाच्या तरी डोक्यात काठी घातली. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, पोलीस घेऊन गेले, आता काय करायचं?"

मी सिंधुदुर्गात पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे, म्हणजे तालुका विधी सेवा समितीची स्वयंसेवक. वकील नाही हे आधीच सांगून ठेवते, केस तुमचा वकीलच बघणार. पण तेच तेच पन्नास वेळा फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मुद्दा एकच आहे. अशा माणसांना जेलमध्ये न घालता उपचाराला पाठवायच्या वाटा कायद्यात आहेत, एक नाही चांगल्या चार-पाच आहेत, पण त्या आपोआप कुणी उघडून देत नाही. मागाव्या लागतात, आणि मागताना हातात डॉक्टरचा कागद लागतो आणि कोर्टात "मी जबाबदारी घेतो" म्हणून उभं राहणारं एक माणूस लागतं. दोन्हीतलं एक जरी नसलं तर चांगला वकीलसुद्धा हात चोळत बसतो.

सगळ्यात आधी पोलीस स्टेशन

अटक झालीच आहे का, हे पहिलं विचारा. हसू नका, निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नसते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, जागी आलेल्या बीएनएसएसच्या, कलम ३५(३) खाली नोटीस देऊन बोलावता येतं. अटक गरजेची वाटली तर तिची कारणं त्यांना लिहून ठेवावी लागतात. मारामारी, शिवीगाळ, घरात घुसणं, किरकोळ चोरी, छोटी पुडी, आपल्याकडच्या बऱ्याचशा केसेस ह्यातच बसतात. त्याच कलमाच्या (७) मध्ये अजून एक गोष्ट आहे जी फारशी कुणी सांगत नाही, गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल आणि माणूस आजारानं खंगलेला किंवा साठीच्या पुढचा असेल तर डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. हे भांडून नको, शांतपणे सांगा, आणि सांगताना आजाराचे पेपर पुढे ठेवा. ठाणे अंमलदाराशी आवाज चढवून काही मिळत नाही, हे मी माझ्या अनुभवानं सांगते.

अटक झालीच असेल तर दोन गोष्टी लगेच. एक, कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्या माणसाची मेडिकल तपासणी व्हायला लागते, तिथं डॉक्टरला स्वतः भेटून किंवा चिठ्ठीवर लिहून सांगा की हा रोज किती पितो, शेवटचं कधी प्यायला, कुठल्या गोळ्या चालू आहेत. हे मी कायद्यासाठी म्हणत नाही, जिवासाठी म्हणते. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू लॉकअपमध्ये अचानक तुटली की पहिल्या एकदोन दिवसात फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरणं, घाम, भास, भिंतीवर किडे दिसणं असं सगळं सुरू होऊ शकतं. बाकीचे म्हणतात नाटकं करतोय, नाहीतर म्हणतात बाहेरची बाधा आहे. नाटक नाही आणि बाधा नाही, दारू तुटल्याची लक्षणं आहेत आणि त्यात माणूस दगावतो सुद्धा. शनिवारी रात्री अटक झाली असेल तर सोमवारची वाट बघू नका. तसंही २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला लागतंच, रविवार असला तरी.

दुसरं, मानसिक आजारी माणूस नुसता रस्त्यावर भटकत असेल, कुणाला धोका आहे असं वाटत असेल, तर तो आरोपी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम १०० मध्ये सरळ लिहिलंय की पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासात जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. बसस्टँडवर ओरडत फिरणारा, दगड मारीन म्हणणारा माणूस आधी ह्याच्यात बसतो. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलही त्याच कायद्याचं कलम ११५ आहे, तो प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही. विष पिऊन वाचलेल्या माणसाच्या घरच्यांना "आता ह्याच्यावर केस होणार" म्हणून कुणी घाबरवत असेल तर हे कलम दाखवा.

आता कागद

कुडाळकडची एक आवशी मला कायम आठवते. मुलगा तिशीतला, बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया, गोळ्या सोडल्या आणि शेजारच्याच्या बागायतीत शिरून काजूची कलमं कोयत्यानं तोडली, अडवायला आलेल्याला वार लागला. कोर्टात ती काजूगराची जुनी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली, आत ओपीडीचे केसपेपर, पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले, एकावर कालवणाचा डाग. वकिलानं ती पिशवी पाहून तोंड वाकडं केलं होतं. पण मॅजिस्ट्रेटनं एकेक पेपर सुटा करून तारखा बघितल्या, अकरा तारखा होत्या, मधल्या काळात खंड कधी पडला ते सुद्धा दिसत होतं. मग वर बघून विचारलं, उपचाराची जबाबदारी कोण घेणार. ती उठली आणि म्हणाली, "मी घेतंय सायबानू. माजो झील वायट नाय, तेका बरा नाय."

त्याला तपासणीला पाठवलं, रिपोर्ट आला आणि पुढे जामीन झाला. सांगायचं काय, त्या दिवशी वकिलाच्या भाषणापेक्षा त्या अकरा तारखांनी काम केलं.

म्हणून फाईल करा, आजच करा, केस व्हायची वाट बघू नका. ओपीडीचे सगळे पेपर तारखेनं लावून, औषधांच्या चिठ्ठ्या, अॅडमिट झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड, व्यसनमुक्तीत राहिला असेल तर तिथला दाखला, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड असेल तर ते, मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वात मोडतो हे पुष्कळांना ठाऊक नाही. मूळ कागद घरी, झेरॉक्सचे दोन सेट बाहेर, आणि मोबाईलवर फोटो. गाऱ्हाणं घाला, वेतोबाला सांगा, रवळनाथाला सांगा, माझी काही हरकत नाही, आमच्या घरी पण घालतात. पण गाऱ्हाण्याची पावती मिळत नाही आणि कोर्ट पावती मागतं.

पेपरच नसले तर? तर आजपासून सुरू करा. टेली मानस म्हणून १४४१६ हा सरकारी फुकट नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मानसिक आजारासाठी. व्यसनासाठी १४४४६. फोननं कागद तयार होत नाही, पण कुठल्या ओपीडीला जायचं ते कळतं. मोठ्या तपासणीला आपल्याला रत्नागिरी. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं मूळची चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, त्यातलं एक कोकणात आहे हे आपलं नशीबच म्हणायचं, जरी दोडामार्गातून तिथं जायला एसटीनं अख्खा दिवस मोडतो.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. कोठडीत असलेल्या माणसाला, बाईला, मानसिक आजारी माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२. तालुका कोर्टाच्या इमारतीतच समितीचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा. फुकटचा वकील म्हणजे बिनकामाचा असं समजू नका, काही काही फार मनापासून काम करतात, काही नाही करत, तसं तर पैसे घेणाऱ्यांचंही आहे.

पहिल्या तारखेला उभं राहून सांगायचं ते एवढंच. साहेब, आजार आहे किंवा व्यसन आहे, हे पेपर, ह्या गोळ्या चालू आहेत आणि कोठडीत मिळाल्या पाहिजेत, मी अमुक नात्यानं जबाबदारी घ्यायला तयार आहे. अजामीनपात्र गुन्हा असला तरी बीएनएसएसच्या कलम ४८० मध्ये आजारी आणि अशक्त माणसाला जामीन देण्याची वेगळी तरतूद आहे, वकिलाला ती अर्जात टाकायला सांगा.

गांजा, चरस, एमडी, ब्राउन शुगर

इथं गोष्ट वेगळी होते कारण एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा १९८५ लागतो आणि तो कडक आहे. पण त्याच कायद्यात व्यसनी माणसासाठी कलम ६४ए आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या कलम २७ खाली किंवा अल्प प्रमाणातला माल सापडल्याच्या गुन्ह्यात अडकला आणि त्यानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. खटलाच नाही, शिक्षा कमी वगैरे भानगड नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. स्वतःहून, मान्यताप्राप्त ठिकाणी आणि पूर्ण, ह्या तीन शब्दांवर सगळं अडकलंय.

अल्प प्रमाण म्हणजे किती हे मालावर आहे. गांजा एक किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉईन म्हणजे ब्राउन शुगर ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन २ ग्रॅम. वजन करताना भेसळीसकट अख्ख्या पुडीचं वजन धरतात, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हिरा सिंग केसमध्ये तसंच सांगितलंय, त्यामुळे "साहेब, त्यात निम्मी पावडर आहे" हे चालत नाही. आणि ही सवलत व्यसनी माणसासाठी आहे, म्हणजे तो व्यसनी आहे हे दाखवावं लागतं, परत आले आपण पेपरवर. पंचनाम्यात किती ग्रॅम लिहिलंय ते स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, सगळी केस त्या एका आकड्यावर फिरते.

दोषी ठरल्यावर दुसरी वाट आहे, कलम ३९. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट लगेच जेलमध्ये न पाठवता, त्याची संमती घेऊन, बाँडवर उपचाराला सोडू शकतं, एक वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट कोर्टात द्यायचा. रिपोर्ट बरा आला तर समज देऊन आणि परत असलं काही करणार नाही असा बाँड घेऊन सोडतात, तो बाँड तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. इथं एक गल्लत मी दोन-तीनदा पाहिलीय. वकील नेहमीच्या सवयीनं परिविक्षा कायद्याखाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडा असा, अर्ज टाकतो, आणि एनडीपीएसच्या कलम ३३ नं तो कायदा इथं जवळजवळ बंद केलाय, अठरा वर्षांखालचा आरोपी आणि कलम २६, २७ सोडून. म्हणजे पुडी बाळगल्याची केस असेल तर अर्ज कलम ३९ चाच पाहिजे. वकिलाला शिकवल्यासारखं नको करू, "सर, ३९ लागेल का हो?" असं विचारा, ते बरोबर बघतात.

जाता जाता. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीकडे कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती, आठवत असेल. असं पाकीट दिसलं तर हात लावू नका, घरी तर मुळीच आणू नका, सरळ पोलिसांना कळवा. एका पाकिटात १०० ग्रॅमच्या कितीतरी वर माल असतो आणि मग ६४ए, ३९ काही म्हणजे काही उपयोगाचं नाही. विकणाऱ्यालाही ह्या वाटा नाहीत, मोठ्या मालाला नाहीत. बांद्याहून गोव्याची दारू गाडीतून आणताना पकडलात तर "मी व्यसनी आहे" म्हणून सुटका नाही, तो वाहतुकीचा गुन्हा आहे, वेगळा.

मानसिक आजार असेल तर

दोन प्रश्न आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, आज हा माणूस कोर्टात काय चाललंय हे समजून स्वतःचा बचाव करू शकतो का. दुसरा, गुन्हा घडला त्या वेळी आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का.

पहिल्यासाठी बीएनएसएसचं कलम ३६७ आणि पुढची. आरोपी बचाव करण्याच्या स्थितीत नाही असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट त्याला सरकारी डॉक्टरकडे तपासणीला पाठवतो, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे. तसं निघालं तर कलम ३६९ लागतं, आणि हे कलम घरच्यांनी अगदी पाठ करावं असं आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, कोर्टानं त्याला जामिनावर सोडायचं, अटी दोन, अॅडमिट करण्याइतका आजार नसावा आणि एखाद्या नातेवाइकानं किंवा मित्रानं हमी द्यायला हवी की मी ह्याला जवळच्या दवाखान्यात नियमित ओपीडीला नेईन आणि ह्याच्या हातून स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही. कुडाळच्या त्या आवशीचं "मी घेतंय" हे कलमातलंच वाक्य होतं, तिला बिचारीला ते माहीत नव्हतं.

हमी देण्याआधी विचार करा मात्र. मुंबईला नोकरी करणारा भाऊ चतुर्थीला आणि शिमग्याला गावी येतो आणि कोर्टात भावनेच्या भरात हमी देऊन जातो, मग गोळ्या कोण देणार? हमी त्यानंच द्यावी जो रोज त्याच घरात जेवतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुनं आयपीसी ८४. तेव्हा मनाच्या विकृतीमुळे कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं, हे सिद्ध झालं तर तो गुन्हाच नाही. पण ते दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, नुसता आजार आहे एवढं पुरत नाही, आणि सुटला तरी कोर्ट त्याला कुठेतरी सुरक्षित ठेवायला किंवा नातेवाइकांच्या ताब्यात द्यायला सांगू शकतं. घटनेच्या आधी आणि नंतरच्या आठवड्याचे पेपर इथं सोन्यासारखे. आणि "प्यायला होता, शुद्ध नव्हती" हे ह्यात बसत नाही हो, स्वतःहून प्यायलेल्या दारूची नशा हा बचाव नाही, कुणी नकळत किंवा जबरदस्तीनं पाजली असेल तर गोष्ट वेगळी.

नुसत्या दारूच्या केसेस

ह्यात वाट साधी पण लोक उगाच लांबवतात. साधी मारामारी, अंगणात घुसणं असल्या केसेस समोरच्याशी तडजोड करून कोर्टातच मिटवता येतात, किरकोळ चोरीत मालाचा मालक तयार असेल तर तीही. वाडीतली चार शहाणी माणसं मध्ये घाला, पण तडजोडीच्या वेळी "पुढच्या सोमवारपासून उपचाराला जाणार" हे नुसतं तोंडी नको, अपॉइंटमेंटचा कागद दाखवा, समोरचाही लवकर मऊ होतो.

पोलिसांनी चॅप्टर केस, म्हणजे पुन्हा भांडण होऊ नये म्हणून आधीच करायची कारवाई, केली असेल तर तहसीलदारापुढे चांगल्या वागणुकीचा बाँड द्यावा लागतो, तिथं जामीनदार घेऊन वेळेवर जा, न गेल्यामुळे आत जाणारे लोक मी बघितलेत, मूळ भांडणासाठी कुणी आत घातलं नसतं.

दोषी ठरला तर परिविक्षा कायदा १९५८. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, तीन वर्षांपर्यंत, सोबत परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख, आणि अटींमध्ये दारूपासून लांब राहण्याची अट घालता येते असं त्याच कायद्यात लिहिलंय. आरोपी २१ च्या खालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर जेलमध्ये पाठवण्याआधी कोर्टाला कारणं लिहावी लागतात. कलम १२ नं असं सुटलेल्याला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, नोकरीच्या मुलांसाठी हे मोठं आहे. परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याचा असतो, तो घरी येऊन, गावात विचारून रिपोर्ट करतो. तो आला की घर झाडूनपुसून चहा-पोहे करण्यापेक्षा ती फाईल पुढे ठेवा, आणि खोटं सांगू नका, "आता अजिबात घेत नाही" असं आई सांगते आणि कोपऱ्यात बाटली असते, मग सगळंच गेलं.

समाजसेवेची शिक्षा न्याय संहितेत नवीन आलीय. सहाच गुन्ह्यांना आहे, त्यातले आपल्या कामाचे दोन, दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा, आणि पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी, माल किंवा पैसे परत केले तर. माझं मत विचाराल तर व्यसनी माणसाला नुसतं बीच झाडायला लावून काही होत नाही, त्याच्यासोबत उपचार पाहिजेतच, पण जेलपेक्षा शंभर पटीनं बरं.

सेंटर निवडताना

इथं माझंच पोळलंय. मावसभावाला आम्ही लांबच्या एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, कुणाच्या तरी ओळखीनं, महिन्याचे पैसे आधी. केस चालू होती. दोन महिन्यांनी तिथला दाखला कोर्टात दिला, सरकारी वकिलानं विचारलं मान्यता कुठाय, आम्ही फोन केला तर केंद्रवाले म्हणाले "प्रोसेसमध्ये आहे". झालं, दोन महिने आणि पैसे पाण्यात. वर तो आल्यावर मनगटावर दोरीचे वळ होते. तेव्हा मला हे कायदे ठाऊक असते तर त्याच दिवशी तक्रार केली असती, मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ मध्ये साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे.

म्हणून पैसे देण्याआधी नोंदणीचं सर्टिफिकेट बघा, भिंतीवर फ्रेम असेल तर मुदत संपलीय का ते बघा आणि फोटो काढा. मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी येतात ते विचारा. घरच्यांना भेटू देतात का ते विचारा, "पहिले तीन महिने भेट नाही" म्हणाले तर मी तरी तिथून उठेन. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा (अनिता) अवचटांनी काढलेलं, बरेच कोकणातले तिथं जातात, पण ६४ए साठी कुठेही गेलात तरी मान्यतेचा कागद आणि उपचार पूर्ण केल्याचा दाखला हे दोन मागून घ्याच. दाखल्यावर अॅडमिट तारीख, डिस्चार्ज तारीख, निदान आणि पुढच्या फॉलोअपची तारीख पाहिजे. "सदर इसम आमच्याकडे होता" एवढ्यावर काही होत नाही.

आतच गेला असेल तर

सावंतवाडी असो, रत्नागिरी असो की अलिबागचा हिराकोट, जेलमधल्या मानसिक आजारी कैद्याला मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०३ खाली उपचारासाठी मनोरुग्णालयात हलवता येतं. जेलच्या डॉक्टरला आणि अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेला, असेल तर बीएनएसएसचं कलम ४७९ बघा, पहिलाच गुन्हा असलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काळ झाल्यावर जामीन, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले सोडून. दिवस बोटांवर मोजू नका, वहीत लिहा.

एक गोष्ट स्पष्टच बोलते, काही जणांना आवडणार नाही. मार खाल्लेली बायकोच जर तक्रारदार असेल तर तिच्यावर "केस मागे घे, हमी तूच दे" म्हणून दबाव आणू नका. सासू, नणंद, गावचे मानकरी सगळे मिळून तिला कोर्टात उभी करतात, मी बघितलंय. उपचार त्याचा हक्क आहे, पण सुरक्षित राहणं तिचा हक्क आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिच्यासाठीच आहे. तो उपचाराहून सुटून आला तर कुठल्या घरात राहणार हे आधी ठरवा, भावाकडे, आईकडे, कुठेही, पण हमीदार तिच्याशिवाय दुसरा कुणीतरी शोधा. आणि ज्याचं डोकं फुटलं त्या शेजाऱ्याच्या दवाखान्याचं बिल द्या हो आधी, मग कोर्टात दयेची भाषा करा.

बाँड झाला, जामीन झाला की घरात पेढे वाटतात आणि फाईल माळ्यावर जाते. खरं काम तेव्हा सुरू होतं. प्रत्येक ओपीडीचा पेपर फाईलीत, प्रत्येक कोर्टाची तारीख भिंतीवर. एखादी फॉलोअपची तारीख चुकली तर दुसऱ्याच दिवशी जा आणि पेपरवर डॉक्टरकडून नवीन तारीख घ्या, लपवू नका.

त्या कुडाळच्या आवशीनं आता प्लॅस्टिकची पिशवी सोडून बटणाची फाईल घेतलीय. कालनिर्णयवर ओपीडीच्या दिवसाला लाल गोल करते. मागच्या वर्षी तारीख नेमकी चतुर्थीच्या दिवशी आली, तर तिचा फोन, "बाय, दीड दिवसाचो गणपती पोचवून मग गेलंय तर चलात काय?" मी म्हटलं गणपतीचं नंतर बघू काकी, आधी डब्यात गोळ्या किती उरल्यात त्या मोजा. मोजल्या, चार होत्या.